कॉफीबरोबरचं खाणं

हार्नोसांड गावच्या दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. बसचालक टॉर्स्टेनची साखर गोळ्यांना दाद देत नव्हती, आणि इन्सुलिन टोचणाऱ्याला त्या काळी बस चालवू देत नसत.

"खाणं तर मोजकंच सांगतो हा," नवी डॉक्टर इल्वा हताश होऊन मला म्हणाली.

"जेवणाचं नको, कॉफीचं विचार."

तिनं विचारलं.

"डेपोत प्रत्येक फेरीनंतर घेतो. बिनसाखरेची!" टॉर्स्टेन ऐटीत म्हणाला.

"आणि सोबत?"

"दालचिनीचा गोड पाव. पण कॉफीबरोबरचं कुणी खाण्यात धरतं का, डॉक्टरीणबाई?"

आम्ही दोघी हसत सुटलो. पाव गेला, बस राहिली. साखर उतरली त्या दिवशी दवाखान्यासमोर त्यानं असा भोंगा वाजवला, की सगळी गल्ली खिडक्यांत आली. इल्वा तर टाळ्याच वाजवत होती.