चिमटेबाबा आणि बोलणारी फटफटी

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. गच्चीवर माणसं, कुंपणावर माणसं, टपरीच्या पत्र्यावरसुद्धा दोघं. मधोमध अंडेवाल्याची फटफटी उभी. उभी म्हणजे विटांच्या टेकूवर. पुढचं चाक वाकडं, दिवा फुटलेला आणि अंगभर सुकलेला पिवळा बलक.

"आत कोण आहेस? बाई?" चिमटेबाबांनी विचारलं आणि लोखंडी चिमटा हँडलवर टेकवला.

पीं. पीं.

"दोनदा! म्हणजे नाही. मग पुरुष?"

पीं.

गर्दीनं हात जोडले. अंडेवाल्याच्या आईनं तर डोळेच मिटले. अंडेवाला तेवढा दारात खुर्चीवर, प्लास्टरातला पाय स्टुलावर टाकून चरफडत बसला होता.

घडलं होतं ते अगदी साधं. वळणावर ट्रकमधून वाळू सांडलेली. फटफटी घसरली, भिंतीवर आदळली. पाय मोडला, खोक्यातली सगळी अंडी फुटली. गाडी घरी आणल्यापासून घरात एकच वाद, हिचं करायचं काय? त्याला दुरुस्त करायची होती. गाडीशिवाय दुकानोदुकानी अंडी पोचवणार कशी, आणि अंडी पोचली नाहीत तर खाणार काय? मामा म्हणाले, भंगारात घाल. आई म्हणाली, बाबांना विचारू. झालं!

बाबा आले, किल्ली फिरवून पाहिली, गाडीभोवती फिरले, जरा टेकले तसा हातातला चिमटा हँडलला लागला आणि हॉर्न वाजला. पहिल्यांदा खुद्द बाबाच टुणकन उडाले. अंडेवाल्यानं ते बरोबर पाहिलं. पण गडी सावरला! दुसऱ्याच क्षणी म्हणाला, "बोलला! आत्मा बोलला!"

तेव्हापासून हा तमाशा.

"वास येतोय?" बाबांनी नाक वर केलं. "प्रेताचा आहे."

"अहो, अंड्यांचा आहे!" अंडेवाला ओरडला. "इतके दिवस उन्हात पडल्यावर काय अत्तराचा येईल?"

"गप रे! पाय मोडला तेवढं पुरे नाही का?" आईनं दटावलं.

"माते, ही गाडी घरात नको," बाबा म्हणाले. "मला द्या. नदीपलीकडे नेऊन गाडतो. शिष्य टेम्पो घेऊन आलाच आहे."

टेम्पोत आधीच एक फटफटी आणि दोन स्कूटर होत्या. आत्म्यांना बहुतेक दुचाकीच आवडत असावी.

आई "न्या" म्हणणार, तेवढ्यात अंडेवाल्यानं हात वर केला. "एक विचारायचंय. आत्म्या, माझ्या खिशात अंडं आहे का?"

बाबांनी पाहिलं. खिसा फुगलेला. माणूस अंडेवाला. चिमटा टेकला. पीं.

अंडेवाल्यानं खिशातून बँडेजची गुंडाळी काढली. गर्दीत खसखस पिकली.

"आत्मा नवीन आहे," बाबा म्हणाले. "चुकतो कधी कधी."

इतक्यात अंडेवाल्याची बायको आतून आली. हातात लाटणं. गर्दी दोन पावलं मागे सरली. बाबा चार.

"मारायला नाही आणलं, बाबा. चिमटा ठेवा, आत्म्याला ह्यानं बोलवा."

"आत्मा लाकडाला जुमानत नाही, बाळ."

"मग चिमटा तरी द्या." तिनं तो काढूनच घेतला आणि सासूच्या हातात दिला. "आई, तुम्ही टेकवा, ह्या इथं."

"मी? नको गं बाई!"

"तुमच्या लेकाची गाडी आहे. खातेय थोडीच?"

आईनं मान फिरवून चिमटा टेकवला. पीं! किंचाळली, पण मग धीर आला. म्हणाली, "सांग रे, माझी सून उलटं बोलते ना?"

पीं.

"बघ!"

"तुम्ही एकदाच टेकवलात, आई. आता दोनदा टेकवा."

पीं. पीं.

आईनं चिमट्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. "अगं बाई! हे तर मीच वाजवतेय!"

"तेच तर!" अंडेवाला म्हणाला. "आपटल्यावर हॉर्नचं बटण फुटलं, तार उघडी पडली. तारेला आणि हँडलला एकदम लोखंड लागलं की हॉर्न वाजतो. बटण दाबल्यावर तेच होतं. लाकडातून वीज जात नाही, म्हणून बाबांना लाटणं नको! आणि तेव्हापासून 'आत्म्याला दार उघडा' म्हणून दर वेळी किल्ली का फिरवायला लावतात? काढ गं ती किल्ली."

बायकोनं किल्ली काढली. आईनं चिमटा टेकवला. चिडीचूप.

"आत्मा जेवायला गेला वाटतं," पत्र्यावरून कुणीतरी म्हणालं.

शिष्यानं टेम्पो सुरू केला. तसा गर्दीतून एकजण धावला, "माझी स्कूटर! अरे, माझी स्कूटर उतरवा!" मग सगळेच धावले. बाबा कुठल्या बोळातून सटकले ते त्यांच्या आत्म्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. गाडीच्या सांगाड्यालगत त्यानं दोरी ताणली आणि मान हलवली. "चासी वाकलीय. कितीही ठोकली तरी सरळ चालणार नाही. परत भिंत शोधशील. इंजिन मात्र ठणठणीत आहे. ते वीक, त्यात भर घालून जुनी गाडी घे."

अंडेवाल्याचं तोंड उतरलं. त्याला तीच गाडी हवी होती.

"म्हणजे बाबा म्हणाले तेच झालं!" आई म्हणाली. "गाडी घरात नकोच."

"हो," अंडेवाला म्हणाला. "पण त्यांनी हात जोडायला लावले. हा दोरी लावून दाखवतोय. तूच धरून बघ."

आई वाकली. दोरी धरली, एक डोळा मिटून पाहिलं. "वाकडी आहे रे," ती हळूच म्हणाली. "वीक बाळा. दुसरी घे. हिच्यावर नाही बसू देणार मी तुला."

आणि अंडेवाल्यानं ऐकलं.

सांगायचं इतकंच. कुणी काही अजब सांगितलं तर त्याला म्हणा, मला हात लावून बघू दे. खरं असेल तर तो नाही म्हणणार नाही. आणि नाही म्हणाला, तर कितीही मोठा असू दे, त्याच्या शब्दावर घरातली सुईसुद्धा देऊ नका.