तांबूस गळ्याचे सातभाई

“बुलाव तेरे परिंदों को,” हैदराबादेहून आलेले साहेब म्हणाले, तसा शरणबसप्पाचा ऊर अभिमानानं भरून आला.

चौदा वर्षं तो बोरी नदीतल्या या बेटावर जंगल खात्याचा चौकीदार होता. भाकरी कुस्करून त्यानं हाक मारली, की बेटावरचे बाराच्या बारा सातभाई पायाशी उड्या मारत येत. काठावरच्या सातभाईंचा गळा राखी, बेटावरच्यांचा तांबूस. हे त्याच्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं. बेटावरची झाडं कोळशाच्या ठेकेदाराला मिळणार असं कानावर आलं, तेव्हा त्यानंच मास्तरांकडून उर्दूत अर्जी लिहवली होती : हे पाखरू दुसरीकडं कुठं नाही, झाडं गेली की तेही जाईल. ती वाचूनच हे पाखरांचे जाणकार साहेब खात्री करायला आले होते. शहाणपण नडतं ते असं.

त्यानं हाक मारली. पाखरं आली. बार झाला.

दुसरी पाखरं असती तर भुर्रकन उडून गेली असती. पण सातभाई ते! पडलेल्याभोवती कलकलाट करत सगळे गोळा झाले. साहेबांना बंदूक फारशी हलवावीही लागली नाही.

“साहेब, पुरं! दावायला एक बास हाय की!” गळ्यातलं लिंग मुठीत धरून शरणबसप्पा ओरडला. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस तो.

“एक से साबित नहीं होता,” साहेब शांतपणे म्हणाले. “अलग जात बोलने को बहुत नमूने होना.”

नऊ कातडी कापूस भरून, पायांना चिठ्ठ्या बांधून पेटीत गेली. उरलेल्या तिघांचा कसला थवा? शिकरा पक्ष्यानं ती एकेक करून टिपली.

सालभरानं कागद आला. झाडतोड बंद, बेट राखीव. मास्तर हरखून वाचत होते, “अन् ह्या नव्या पोटजातीला तुमचंच नाव दिलंय, शरणबसप्पा! जगभर चालंल आता.”

त्याची बायको रुद्रम्मा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “ज्यांला घास घातला त्यांचाच जीव घेतला, अन् वर नाव बी आपलंच?”

“मास्तर, लिवा,” शरणबसप्पा म्हणाला. “माजं नाव काढा म्हनावं. राखनदार मीच, अन् दगा बी म्याच दिला.”

उत्तर यायला चार महिने लागले. एकदा छापलेलं नाव नियमानं मागं घेता येत नाही. खाली साहेबांनी आपुलकीनं विचारलं होतं : सध्या बेटावर किती पाखरं आहेत?

मास्तर लेखणी शाईत बुडवून थांबले.

“येक बी न्हाय म्हनून लिवा,” तो म्हणाला. “अन् झाडं समदी हायती.”