गोळीपुरतं पाणी

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोट मोठं, गळा अरुंद, वर फिरवून बसवायचं झाकण. मिरजेकडच्या एका तांबटाने मला ठोकून गोल केलं, आतून कल्हई लावली आणि मी हुबळीच्या बाजारात आलो. तिथे सदाशिवरावांच्या आजोबांनी भांड्यांचं दुकान टाकलं होतं. माझ्या पोटाला एक पोचा होता म्हणून मला कुणी घेतलं नाही, आणि मी घरचाच झालो. प्रवासाला निघताना सगळ्यांना माझी आठवण व्हायची. पाणी गार राहतं, सांडत नाही, अशी माझी कीर्ती होती.

मित्रांनो, अशा निबंधात यानंतर प्लास्टिकची बाटली येते, मी माळ्यावर जातो आणि जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सांगतो. ते सगळं झालं. मला पुन्हा खाली काढलं, तिथून पुढचं सांगतो.

सदाशिवराव दुकानात उशिरा जाऊ लागले, मग जाईनासे झाले. आंघोळ नाही, जेवण कसंबसं, तोंड भिंतीकडे. काय होतंय, असं त्यांच्या पत्नीने, सुलभाताईंनी विचारलं.

"काहीच होत नाही," ते म्हणाले. "तेच होतंय."

धारवाडला मनोरुग्णांचा मोठा दवाखाना आहे, म्हणून हुबळीत कुणी काही विचित्र बोललं की लोक हसत म्हणतात, याला धारवाडला न्या. सदाशिवरावही गल्ल्यावर बसून तसं म्हणत असत. आता त्यांनाच न्यायचं होतं. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. वाटेतलं रायापूर मागे पडलं तरी पकड सुटली नाही. धाकट्या भावाने, गोविंदने, बाजारात सांगितलं की अण्णा मुतखड्याच्या ऑपरेशनला सांगलीला गेलेत.

प्रश्न दुसरा. फरक स्पष्ट करा: दवाखान्यात राहून उपचार आणि घरी राहून उपचार.

डावी बाजू.

दारातच नर्सने त्यांचा कमरेचा पट्टा आणि दाढीचं सामान काढून घेतलं. मला हातावर तोललं आणि सुलभाताईंना म्हणाली, हा तुमच्याजवळच ठेवा. रुग्णासोबत घरचं एक माणूस राहायलाच हवं, असा तिथला नियम होता. गोळी दिली की नर्स समोर उभी राहायची. तोंड उघडा, जीभ उचला. दुकानाच्या धन्याला कुणी असं सांगितलं नव्हतं. ते लाजेने लाल व्हायचे. पण गोळी पोटात जायची, माझ्या पाण्याबरोबर. सकाळी उठवून अंगणात चालवत. डॉक्टर खाटेजवळ बसून बोलत, आणि ते गप्प राहिले तरी बसून राहत.

शेजारच्या खाटेवर मंजुनाथचे वडील होते. त्यांच्या सोबतीला राहणारा मंजुनाथ एकदा मला बघून म्हणाला, "अण्णा, तुमचा तांब्या पण अ‍ॅडमिट झालाय काय री?"

"पेशंट तोच आहे," सदाशिवराव म्हणाले. "मी सोबतीला आलोय."

सुलभाताई बाहेर जाऊन रडल्या. कितीतरी दिवसांत ते असं बोलले नव्हते.

मित्रांनो, डावी बाजू इथे तुटते, कारण दिवाळी आली.

लक्ष्मीपूजनाला धनी गादीवर बसलाच पाहिजे, ही आमच्या घरची रीत. गोविंद न्यायलाच आला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. घरी राहून, येऊन-जाऊन बरे होणारे पुष्कळ आहेत, त्यात कमीपणा काही नाही, पण तुमचे भाऊ अजून त्या टप्प्यावर नाहीत. आत्ता कुठे सुरुवात आहे. गोविंद म्हणाला, औषध तेच ना, घरी घेतील. "पूजेला अण्णा नसले तर बाजाराला काय सांगू, वैनी?"

सुलभाताईंनी सही केली. स्वतःच्या जबाबदारीवर.

उजवी बाजू.

सदाशिवराव गादीवर बसले. नवं धोतर, कपाळाला कुंकू, समोर घासलेली भांडी आणि त्यांत मीही. लोक पेढे घेत विचारत, खडा पडला का? ते म्हणत, पडला. कुणी हुलग्याचं पाणी प्यायला सांगितलं, कुणी केळीच्या खुंटाचा रस. सगळ्यांना ते हो म्हणाले. बरे दिसतात, असं बाजाराचं मत पडलं.

मग घर. ठरल्या वारी धारवाडला जायचं होतं. पहिल्यांदा ते गेले. नंतर गोविंदच जाऊ लागला. नाव पुकारलं की तोच उठायचा, बरे आहेत म्हणायचा आणि गोळ्या आणायचा. डॉक्टर म्हणत, त्यांना घेऊन या. तो हो म्हणायचा. घरी सुलभाताई माझं झाकण फिरवून पेला भरत आणि स्वयंपाकघरात वळत. पेला रिकामा व्हायचा. गोळ्या गादीखाली जायच्या. जीभ उचला असं नवऱ्याला कोण म्हणेल?

गादी उन्हात टाकताना गोळ्या खाली पडल्या. सुलभाताई सदाशिवरावांपुढे जमिनीवर बसल्या.

"अहो, परत जाऊ या."

"आता कुठला खडा सांगणार?" ते म्हणाले.

गोविंदचं म्हणणं, अण्णांच्या मुलीला, स्वातीला, निपाणीचं स्थळ आलंय, तेवढं उरकू दे. पोरीच्या बापाला दाखल केलंय हे कळलं तर? पाहुणे येऊन गेले. मग बैठक ठरायची होती. मग याद्या. फरक आता...

उत्तर अपुरं राहिलं. दोन्ही बाजूंना लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. हा दवाखानाही नाही आणि घरचा उपचारही नाही. इथे फक्त पाणी भरतात, संध्याकाळी ओततात. आता ते पेलाही उचलत नाहीत.

आज सकाळी सुलभाताईंनी पिशवी भरली. दोन लुंग्या, टॉवेल, मी. रिक्षा बोलावली. त्या म्हणाल्या, विचारतील त्यांना खरं सांगेन. सदाशिवराव उठून बसले. पाय खाली सोडले. एक चप्पल घातली.

"गोविंदला विचारलंस?"

ते रागाने म्हणाले नाहीत. सवयीने म्हणाले. सुलभाताईंचा हात पिशवीवर थांबला. मग त्यांनी गोविंदला फोन लावला. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तिसऱ्यांदा वाजवून निघून गेला. सदाशिवरावांनी चप्पल काढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मित्रांनो, निबंधाच्या शेवटी मी माझ्यासाठी काही मागायचं असतं. मला घासू नका. माळ्यावर टाका, मोडीत द्या. मी पिशवीत अजून भरलेला आहे, आणि ते माणूस आतल्या खोलीत आहे. कुणालाही न विचारता त्यांना घेऊन जा.