लाल जर्सीवरचं काळं

दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज आले की एर्मेलिंडा पेटीतून ती लाल जर्सी बाहेर काढते. मैदानावर तिच्याकडे पळायला शिकणाऱ्या पोरी अर्ज भरायला तिच्या ओसरीवर बसलेल्या असतात, एकीला जन्मतारीख ठाऊक नसते, दुसरी सहीच्या जागी फूल काढून ठेवते, आणि एर्मेलिंडाला आपण पुन्हा सतरा वर्षांच्या झालो असं वाटू लागतं. जर्सीच्या छातीवर, डाव्या बाजूला, टाचणीची बारीक भोकं आहेत. पोरी त्यांच्याबद्दल विचारतात, बाई अर्जाचा पुढचा रकाना दाखवतात.

तिचा स्वतःचा अर्ज बापाने भरला होता. अबिलियु कॉफीची पोती घाटातून खाली उतरवायचा आणि पोरगी त्याच्या पुढे धावायची. "माझी लेक घोड्याच्या आधी बाजारात पोचते," हे तो ज्याला त्याला ऐकवायचा, समोरचा घोडेवाला असला तरी. गरीब देशांतल्या होतकरू खेळाडूंना पोर्तुगालमध्ये चार वर्षं राहणं, खाणं, शिकवणी सगळं फुकट, असा कागद शाळेतले जासिंतु मास्तर घेऊन आले, तेव्हा अबिलियुने तो तीनदा वाचला. उंचीच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'माझ्या खांद्याएवढी'. मास्तर पोट धरून हसले, पण त्यांनी ते खोडलं नाही.

जानेवारीत अबिलियु तापाने गेला. मार्चमध्ये राजधानीत चाचणी होती. दीड हजार मीटर, देशाच्या लाल जर्सीत, आणि पहिली येईल तिला एप्रिलचं विमान.

बाप गेला की घरातल्या बायका वर्षभर नखशिखांत काळं नेसतात, कमरेची लुंगीसुद्धा काळी. वर्ष भरलं की सगळे मिळून कबरीवर जातात, घरातलं वडीलधारं माणूस एकेकाचं काळं उतरवतं, मग जेवणावळ, मग नाच. त्याआधी अंगावर लाल घालणारी लेक काय लायकीची, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे.

"जाऊ दे ती शर्यत," एर्मेलिंडा म्हणाली. मनात मात्र तिला जायचं होतं, इतकं जायचं होतं की स्वतःची लाज वाटत होती.

"शहाणी आहेस," तिऊ लांबेर्तु म्हणाला. तिऊ म्हणजे काका. भावामागे घराचा कर्ता आता तोच. त्याच्या सदऱ्याच्या खिशावर बोटभर काळी चिंधी टाचलेली होती. पुरुषांना तेवढं पुरतं.

आई, डोमिंगास, मका निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"भावोजी, तुम्ही काल कोंबड्यांच्या झुंजीला गेला होतात ना?"

"गेलो होतो. त्याचं काय?"

"त्या चिंधीसकट गेलात. तुमचं दुःख चिंधीत मावतं, मग माझ्या पोरीचं का मावू नये?"

"वहिनी, ती पुरुषांची रीत आहे."

"पळायचं तिला आहे. रीत तुमची राहू द्या, चिंधी तेवढी आम्ही घेतो."

असं म्हणून तिने आपल्याच काळ्या लुंगीच्या काठाचा तुकडा कात्रीने कापला. भोक पडलं तिथे पडलं. लांबेर्तुने खिशावरची आपली चिंधी चाचपली. मग म्हणाला, "बरं. पण वर्ष भरेल तेव्हा ही इथे हवी. एकाचं जरी काळं राहिलं तरी माझ्या भावाचं वर्ष पुरं होत नाही."

"येईन," एर्मेलिंडाने शब्द दिला.

चाचणीच्या मैदानावर टेबलामागच्या साहेबाने तिच्या जर्सीवर टाचलेल्या चिंधीकडे बोट दाखवलं. "हे काय लावलंय?"

"तिचा बाप आहे साहेब," जासिंतु मास्तर म्हणाले.

साहेबाने मान खाली घालून तिचा क्रमांक लिहून घेतला. ती पहिली आली.

पोर्तुगालमध्ये तिने थंडी सोसली, परक्यांचं मिळमिळीत जेवण सोसलं. जानेवारीत मात्र सुट्टी मिळेना. तिकीट चार वर्षांनी एकदाच, असा नियम. तिने रडत रडत काकाच्या फोनवर फोन लावला. आईने घेतला.

"पळ तू. इथलं मी बघते."

"काळं उतरवलं सगळ्यांनी?"

"जेवणं झाली. तुझ्या काकाने नाचून पाय मुरगळून घेतला."

एर्मेलिंडाला हायसं वाटलं, आणि वाईटही वाटलं. तिची चिंधी उतरवायला तिथे वडीलधारं कोण होतं? ती तशीच राहिली, कपाटात जर्सीवर. शर्यतीच्या दिवशी तेवढी बाहेर यायची. मोठ्या स्पर्धेत ती शेवटून तिसरी आली. पेपरात दोन ओळी छापून आल्या.

चार वर्षांनी ती गावच्या वाटेला लागली तेव्हा चर्चपाशी सगळं गाव उभं होतं, रंगीबेरंगी कपड्यांत. मधोमध एकच बाई काळ्या लुंगीत. काळी तरी कशी म्हणावी, धुऊन धुऊन विटकरी झालेली, आणि काठाला भोक.

"तीन वर्षं सांगतोय हिला!" लांबेर्तु ओरडला. "ऐकते का? लोक मला नावं ठेवतात!"

"तू येईन म्हणाली होतीस," आई म्हणाली. "मग माझं एकटीचं कसं उतरवू?"

फोनवर आईने नुसतं 'जेवणं झाली' म्हटलं होतं, काळं उतरवलं असं नव्हे, हे एर्मेलिंडाला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरीवर काकाने तिच्या जर्सीवरची टाचणी काढली. चिंधी आईच्या लुंगीच्या काठावरच्या भोकाला लावून पाहिली. चिंधी अजून काळीभोर होती, लुंगीशी तिचा रंग जुळेना. काका तोंड फिरवून उभा राहिला.

मग आईने फुलाफुलांची लुंगी नेसली, लेकीला कबरीच्या क्रुसाशेजारी सरळ उभं केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मापलं.

"खांद्याएवढी कुठली," ती म्हणाली. "आता त्याच्या कानाला लागली असतीस."