दहापासून मोजणारा टेप

त्या सकाळी न्यायालयातल्या टेबलावर नऊ वस्तू होत्या : एकशे चौदा पानांची फाइल, दोन पेनं, एक पेन्सिल, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली, साक्षीदारांची यादी, हातरुमाल आणि मी.

मी एक जुना पोलादी टेप आहे, मित्रांनो. लांबी पाच मीटर, डबी पिवळी. एका सुतारानं मला विकत घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी परांचीवरून पाडलं. टोकाचं हूक तुटलं, पहिले दोन आकडे चेपले. मला वाटलं, संपलं आपलं. पण सुतार म्हणाला, "फेकायचा कशाला? दहावर धरायचं आणि शेवटी दहा वजा करायचे." जुने कारागीर असंच करतात.

पुढे त्याची भाची कामाला आली. सकाळी कायद्याचं कॉलेज, दुपारी मामाच्या कारखान्यात मोजमाप. पहिल्याच आठवड्यात तिनं एका खिडकीची जागा मोजली. माझ्यावर एकशे तीस आले. तिनं दहा वजा करून वहीत एकशे वीस लिहिले. मामाला वाटलं, पोर नवखी आहे, वजा करायला विसरली असणार. त्यानं आणखी दहा वजा केले. खिडकी बसवायला गेले, तर बाजूला दहा सेंटिमीटरचं भगदाड!

"आता या फटीत तुलाच उभी करतो," मामा ओरडला.

"मी बरोबरच लिहिलं होतं, मामा!"

"मग वजा केलंय असं लिहायला हात दुखत होता का?"

त्या दिवसापासून ती टेपवरचा आकडा आणि खरं माप, दोन्ही लिहू लागली. तीन वर्षांत आम्ही दोघांनी शेकडो दारं मोजली. पदवी मिळाल्यावर मामानं मला तिच्या पिशवीत टाकलं.

"वकिलाला टेप कशाला?"

"नसेल लागत तर कागदांवर वजन म्हणून ठेव."

आणि तसंच झालं. एका नामांकित वकिलांच्या कार्यालयात ती दोन वर्षं पानांना क्रमांक घालत होती, तारखा सांभाळत होती, दुसऱ्यांच्या सहीचे अर्ज लिहीत होती. मी कागदांवर बसून गंजत होतो. कुणी मला ओढूनही पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, वाईट वाटायचं. मग ती मोफत कायदा सल्ला केंद्रात गेली. तिथे कुणाला वसतिगृहात खोली नाकारलेली, कुणाला आजाराचं नाव सांगून कामावरून काढलेलं. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "तुम्हाला नाही म्हटलंय ते नेमकं कोणत्या कागदावर?"

एके दिवशी चाकाच्या खुर्चीवरून एक बाई आल्या. सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून त्यांची निवड झाली होती. परीक्षेत त्या पहिल्या होत्या. पण नेमणूक रद्द झाली. कारण असं दिलं होतं : पुढच्या दाराला सात पायऱ्या, मागचं सपाट दार बासष्ट सेंटिमीटर, खुर्ची सहासष्ट. मागच्या आवाराला कुलूप होतं आणि ग्रंथालयाचं कार्यालय किल्ली देईना, म्हणून आम्हाला ते दार मोजता येईना. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "बारा वर्षं अभ्यास केला. चार सेंटिमीटरनं हरले म्हणायचं का?"

आमच्या वकीलबाईंचा हा पहिला स्वतंत्र दावा होता. नामांकित वकिलांनी सांगितलं होतं, "यात दम नाही. मापाशी कोण भांडणार?"

त्या सकाळी मापं घेणारे ओव्हरसियर साक्षीला उभे राहिले. वकीलबाईंनी मला उचललं. समोरचे वकील हसले, "बाई, आज सुतारकाम आहे वाटतं?"

"शिकलेय मी ते, वकीलसाहेब." मग त्या ओव्हरसियरांकडे वळल्या. "दार मोजताना टेप कुठून धरलात?"

"दहावरून. माझ्या टेपचंही हूक तुटलंय. सवय आहे."

"मग दहा वजा केलेत?"

"म्हणजे काय! वीस वर्षं करतोय."

"आणि नोंदवहीत आकडा कुणी चढवला?"

मागच्या बाकावरून कारकून उठून उभे राहिले. "मी. साहेबांच्या चिठ्ठीवर बहात्तर होते. साहेब वजा करायचं विसरतात, म्हणून मी केले."

"मी कधी विसरलो हो?" ओव्हरसियर कठड्यातूनच कडाडले.

सगळी खोली हसली. न्यायाधीशांनाही ओठ दाबावे लागले. त्यांनी हुकूम दिला : आत्ताच कुलूप उघडा आणि सगळ्यांसमोर मोजा, या टेपनं आणि एका नव्या टेपनंही.

मित्रांनो, त्या दारात मी ताणला गेलो तेव्हा माझ्या पोलादातून झणकार उठला. मला कुणी जुना म्हणून टाकलं नव्हतं आणि माझी खोड कुणी लपवली नव्हती, म्हणून मी तिथे होतो. तुमच्याकडच्या जुन्या हत्यारांना पुसा, तेल द्या, त्यांची खोड ठाऊक करून घ्या. आणि तुमच्या वहीतल्या आकड्यामुळे कुणाचं दार बंद होणार असेल, तर उठून ते दार पुन्हा मोजा.

न्यायाधीशांनी नेमणूक कायम केली. सोमवारी सकाळी दहा वाजता ग्रंथपालबाई कामावर आल्या. मागचं दार सताड उघडं होतं.

दाराची रुंदी बहात्तर सेंटिमीटर. खुर्चीची सहासष्ट. डावीकडे तीन सेंटिमीटर मोकळे, उजवीकडे तीन.