पुसण्याआधी विचारणारा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. पण माझ्याआधी सुधन्वा सरांचा फायदा ऐका. दिल्लीत मुनिरक्याजवळच्या एका संस्थेत ते कंत्राटावर संगणक सांभाळायचे. बाहेरच्या समितीच्या पाहणीपूर्वी लॅबमधले सगळे संगणक नव्याने तयार झाले, की नोकरी कायम. मग राहायला संस्थेचं क्वार्टर मिळणार आणि गाझियाबादहून धक्के खात येणं सुटणार. एवढ्यासाठी माणूस घाई करणारच.

सरांनी मला अडगळीतून उचललं, धूळ झटकली आणि नवं काम शिकवलं. संस्थेतला प्रत्येक संगणक सुरू होताना आधी नेटवर्कच्या तारेवर हाक द्यायचा, "मला कोणी सुरू करेल का?" उत्तर आलं नाही, तरच तो स्वतःच्या डिस्ककडे वळायचा. आता उत्तर मी देऊ लागलो. आधी पत्ता, मग सुरू होण्यापुरती छोटी फाइल, मग अख्खी नवी प्रणाली. पेन ड्राइव्ह घेऊन फिरायला नको! मात्र नवं घालताना जुनं सगळं जायचं. म्हणून मी पडद्यावर विचारायचो, 'पुसू का?'

प्रत्येक यंत्रापुढे जाऊन 'हो' दाबायचा सरांना कंटाळा. त्यांनी माझा प्रश्नच काढून टाकला. लॅबपुरती वेगळी तार ओढायचा आळस केला आणि मला सगळ्या मजल्याच्या तारेत खोवलं.

शेजारच्या खोलीत संशोधन करणारी संपदा दारात आली. "सर, माझ्या मशीनमध्ये पानिपतकडच्या आज्यांची गाणी आहेत. कॉपी काढायला नवी डिस्क आणू का?"

"अगं, तुझ्या खोलीला मी हातसुद्धा लावत नाहीये."

"नक्की ना? त्यातल्या भतेरी आजी गेल्या हो. बरसीला, म्हणजे वर्षश्राद्धाला, त्यांचा आवाज ऐकवीन, असं त्यांच्या लेकीला कबूल केलंय."

"बिल्कुल नक्की, यार! उगाच टेन्शन. जा, चहा सांग."

ती चहा सांगायला गेली. दुपारी वीज गेली, आली. सगळ्या मजल्यावरचे संगणक एकदम जागे झाले. लॅबमधल्यांनी हाक दिली, तशी संपदाच्या संगणकानेही दिली. मी सगळ्यांना सारखंच वाढलं, सगळ्यांचं जुनं पुसलं. विचारायची मला मुभाच नव्हती.

संपदा धावत आली. "सर, आजी कुठेयत?"

सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जुनं मशीन गं. ह्याचा काय भरवसा?"

पाहणीत मात्र लॅबचं फार कौतुक झालं. मला जिन्याखाली टाकलं.

मित्रांनो, जिवापाड जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा. आणि पुसण्याआधी विचारणाऱ्याचं तोंड बंद करू नका.

आता शेवटचा हिशेब. सरांना क्वार्टर मिळालं. संस्थेच्या संचालकांना शाबासकी मिळाली, मला दोष. संपदा बरसीला गेली, ती रिकाम्या हाताने. भतेरी आजींच्या लेकीने अंगणात सतरंजी अंथरली होती, साऱ्या गल्लीला बोलावलं होतं. आमच्या चुकीची किंमत त्या लेकीने मोजली.