बसलेला बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा पोळा असतो. तान्हा पोळा. मोठ्यांचे बैल हाडामांसाचे, पोरांचे लाकडाचे नाहीतर मातीचे. ते सजवायचे, तोरणाखाली उभे करायचे आणि मग बोजारा मागायला घरोघर न्यायचे. दारी आलेल्या बैलाला कुंकू लावून पोराच्या हातावर दहा पैसे नाहीतर एखादा लाडू ठेवल्यावाचून कोणी त्याला परत पाठवत नाही.

सण गोड खरा. पण बहात्तर साली शाळेतल्या तोरणाखाली देवराव गुरुजींनी जे पाहिले ते त्यांना गोड लागले नव्हते. बेगड लावलेले, चाकांवरचे, पोरांच्या कमरेला लागणारे सागवानी बैल पुढे होते. मुठीत मावणारे मातीचे बैल घेतलेली पोरे मागे भिंतीला चिकटून उभी होती, आणि त्यांतल्या काहींनी आपले बैल चक्क सदऱ्याच्या आत लपवले होते. ज्या सणाला मिरवायचे त्याच सणाला लेकरे आपला बैल लपवतात, हे देवरावांच्या डोक्यातून वर्षभर गेले नाही.

देवराव दुसरीला शिकवत. माणूस पुस्तकातला, चारचौघांत बोलायची वेळ आली की कपाळाला घाम. रस्त्यात एखाद्या मुलाचे वडील समोरून येताना दिसले तर ते पलीकडच्या बाजूने जात. वाचनालयातून त्यांनी बालशिक्षणाची होती नव्हती ती पुस्तके आणून वाचली. एकाही पुस्तकात बैलाचे नाव नव्हते. शेवटी त्यांनी आपल्याच मनाने एक नियम केला आणि पुढच्या पोळ्याच्या आधी भीत भीत वर्गाला सांगितला. स्वतःचा बैल कोणी करायचा नाही. चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याच्यासाठी करायचा, आणि करण्याआधी त्याला विचारायचे, तुला बैल कसा पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात लिहिले आहे असे कोणी विचारले तर काय सांगायचे, ही धास्ती मात्र त्यांना होतीच.

मातीचे गोळे वाटून झाले की देवराव सगळ्यांना डोळे मिटायला सांगत.

"माती गार आहे तोवर बोलायचं नाही. हाताची ऊब लागू द्या तिले. अन् ज्याचा बैल करायचा, त्याचं तोंड आठवा."

"गुरुजी, माह्या नाकाले खाज सुटून राहिली."

"सुटू दे. किती वेळ राहते ते पाह्य."

पोरे खुदखुदत, मग हळूहळू गप्प होत. चाळीस पोरांचा वर्ग इतका गप्प होई की बाहेरच्या रिक्षाची घंटी ऐकू यायची. त्या शांततेत देवरावांना वाटे, आपले काही चुकत नाही. घंटा झाली की पुन्हा वाटे, चुकत असेल.

पंचफुलाच्या चिठ्ठीत लहानूचे नाव निघाले. लहानूचा बाप इतवारीच्या बाजारात बैलबंडीने धान्याची पोती वाहायचा.

"तुले कसा पाहिजे गा बैल?" पंचफुलाने विचारले.

"पोवळ्यासारखा."

"पोवळ्या कोन?"

"माह्या बाबाच्या बंडीचा. दुपारी बंडी सुटली का तो लिंबाखाली बसते. मी त्याच्या पोटाले टेकून बसतो. पोट हालते त्याचं, वर-खाली, वर-खाली. मले झोपच येते."

"मंग बसलेलाच करते."

"बसलेला बैल पोळ्यात कुठं असते वं?"

"तो बसते नं? मंग झालं तर."

तिने तो तीनदा मोडला आणि चौथ्यांदा केला. पाय पोटाखाली दुमडलेले, मान जराशी वळलेली, डोळे अर्धे मिटलेले. शेवटी तिने बैलाच्या कुशीत अंगठा दाबून एक खळगा केला आणि म्हणाली, "इथं तुही पाठ." लहानूने त्या खळग्यात बोट ठेवून पाहिले. मग आपल्या चिठ्ठीत निघालेल्या भागीरथाला तिचा बैल कसा पाहिजे, हे विचारायला तो पळतच गेला.

हेडमास्तर चंपतराव दारात उभे राहून हे पाहत होते.

"देवराव, कुंभारवाडा उघडला का शाळेत?"

"नाही, म्हणजे… सर, मुलांना दुसऱ्याचं मन…"

"मन राहू द्या. सातचा पाढा येते का तुमच्या पोरांले? बरं, यंदा बक्षीस आहे. लाकडाच्या आरा मशीनवाले रुपराव पाहुणे म्हणून येऊन राहिले. सगळ्यांत चांगल्या बैलाले रंगपेटी. तुमच्या या गोळ्यांची शोभा नका करू."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले, माईक लागला, पालक जमले. पुढे बाकीच्या वर्गांचे सागवानी बैल होतेच. सगळ्यांत उंच बैल रुपरावांच्या नातवाचा, मुकुंदचा. शिंगांना पितळी टोप्या, पाठीवर मखमली झूल. पण यंदा दुसरीची पोरे भिंतीला चिकटली नव्हती. आपला बैल दाखवून ती एकमेकांना सांगत होती, हा मले अमक्यानं करून दिला. लहानूने तर आपला बैल घरून आणलेल्या पाटावर ठेवला होता. बसलेला बैल ओढणार कसा?

रुपराव रांगेवरून चालत आले आणि पाटापुढे थांबले. वाकले.

"अरे बापरे! हा तर श्वास घेऊन राहिला, चंपतराव! द्या बक्षीस यालेच."

चंपतरावांचा चेहरा उतरला. पाहुण्याच्या नातवासाठी त्यांनी रंगपेटी कागदात बांधून, वर मुकुंदचे नाव घालून तयार ठेवली होती.

"काय रे, तू केला का हा बैल?" त्यांनी लहानूला विचारले.

"नाही जी. पंचफुलानं केला. मी भागीरथाचा केला."

खोटे बोलायचे त्या पोराला सुचलेच नाही. सुचावे कशाला? त्यात लपवण्यासारखे काही आहे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

चंपतराव माईकपाशी गेले. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी शुद्ध भाषेत ते म्हणाले, "या विद्यार्थ्याने दुसऱ्याकडून बैल करवून घेतला आणि तो स्वतःचा म्हणून बक्षिसाच्या रांगेत उभा राहिला. याला चोरी म्हणतात. असे संस्कार आमच्या शाळेत खपवून घेतले जाणार नाहीत. लहानू, पुढे ये. कान धर."

"जाऊ द्या नं, लेकरू आहे," रुपराव पुटपुटले. पण तेवढ्यात नातवाचे नाव पुकारले गेले आणि ते टाळ्या वाजवू लागले. लहानू कान धरून उभा होता आणि त्याच्या समोरून मुकुंद रंगपेटी घेऊन गेला.

देवरावांना राहवेना. मुकुंदचा बैल रुपरावांच्या आरा मशीनवरच्या सुताराने केला होता, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पैसे मोजून करून घेतलेला बैल स्वतःचा, आणि सोबतच्या मुलीने विचारून, डोळे मिटून, तीनदा मोडून केलेला बैल चोरीचा! हे वाक्य त्यांच्या मनात पुरे तयार होते. ते माईकपाशी गेलेही. पण तोंडातून निघाले ते एवढेच, "सर, सुतारानं… मुकुंदचा… मग तो…" चंपतरावांनी माईकवर हात ठेवला. "कार्यक्रम होऊ द्या, देवराव." पुढच्याच क्षणी मुलींनी समूहगीत सुरू केले.

देवराव लहानूजवळ गेले.

"हात खाली घे."

"हेडमास्तर मारतीन."

"घे म्हणतो नं मी!"

लहानूने हात खाली घेतले. पण झाले ते झालेच होते. कार्यक्रम सुटताना चौथीतली पोरे ओरडत गेली, "चोट्टा लहानू! चोरीचा बैल!" लहानूने पाट उचलला आणि पंचफुलासमोर जमिनीवर आदळला.

"घे तुहा बैल. मले नाही पाहिजे."

"तो तुहा आहे. माह्याजवळ कसा ठेवू?"

"तुह्यानंच झालं सारं!"

पंचफुला रडली नाही. वाकून बैल कुठे तडकला तर नाही ना, ते तिने पाहिले. आदल्या आठवड्यात डोक्याला डोके लावून बोलणारी ही दोन पोरे आता एकमेकांकडे पाहतही नाहीत, हे देवरावांनी पाहिले आणि ते तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेले. दार ठोठावायचे विसरून.

"सर, एक वाक्य सांगा माईकवरून. तो चोर नाही, एवढंच. लोक अजून मैदानात आहेत."

"मी? दुसरीतल्या पोराची माफी मागू?"

"माफी नका मागू. नियम माझा होता. चूक असेल तर माझी आहे. तो चोर नाही, एवढं सांगा."

"तुम्हाले कळते का तुम्ही काय करून राहिले ते? पाहुण्यांसमोर शोभा केली. सोमवारपासून चौथी घ्या तुम्ही. दुसरीत चिखल बंद."

"घेतो चौथी. पण ते वाक्य, सर?"

"जा आता."

देवराव बाहेर आले. मैदान रिकामे होत होते आणि माईकवाला वायर गुंडाळत होता. पाट अजून तिथेच होता. त्याच्या एका बाजूला लहानू, दुसऱ्या बाजूला पंचफुला.

"बोजारा मागायले गेला नाही?" देवरावांनी लहानूला विचारले.

"कसा जाऊ? लोक चोट्टा म्हंतीन."

"मी येतो संगं. पंचफुला, पाट धर."

पोरांनी एकमेकांकडे पाहिले. गुरुजी कोणाच्या दारी जात नाहीत, हे सगळ्या शाळेला माहीत होते.

पहिल्याच दारी देवरावांनी स्वतः कडी वाजवली. घरातली बाई कुंकवाची वाटी घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "बाई, हा बैल पंचफुलानं लहानूसाठी केला. मी सांगितलं म्हणून केला. यानं चोरी केली नाही."

"अव्वा! हा तर बसला!" बाई हसली. "थकला असन बिचारा." तिने बैलाला कुंकू लावले आणि दोघांच्या हातावर दोन नाणी ठेवली.

दुसऱ्या दारी तेच वाक्य. तिसऱ्या दारी एक म्हातारा म्हणाला, "चोरी? कोन्ती चोरी? आम्हाले तर काही मालूमच नाही." तेव्हा देवराव पायरीवरच थबकले. ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही आपणच चोरीची गोष्ट सांगत फिरतो आहोत की काय? परत फिरावे का? पण पुढच्या ओट्यावरून एक पोरगा ओरडला, "तो पाहा, चोट्टा आला!" आणि देवराव त्याच ओट्यावर चढले. तिथे त्यांनी ते वाक्य थांबत, एकेक शब्द सुटा करत सांगितले. पोराच्या आईने पोराच्या पाठीत धपाटा घातला. लहानूने पहिल्यांदा वर पाहिले. पाट मात्र अजून पंचफुलाच्याच हातात होता.

गल्लीच्या टोकाला चंपतरावांचे घर होते.

"तिथं नको, गुरुजी," लहानू म्हणाला.

"तिथंच."

दार जिजाबाईंनी उघडले. चंपतरावांची बायको. हातात निरांजन, ताटात साखरेच्या चिरंज्या.

"या या, गुरुजी! किती छान बसला हा! कोनं केला वं, तूनं?"

आतून बनियनवर चंपतराव आले आणि दारात थबकले. तान्ह्या पोळ्याला बैल दारी आला की त्याला हाकलता येत नाही, आणि मागे गल्लीतली दहा-बारा पोरे आपापले बैल घेऊन जमली होती. त्यांत चौथीतली ती ओरडणारी पोरेही होती.

"द्या याइले बोजारा," ते बायकोला म्हणाले आणि वळले.

"बोजारा नको, सर," देवराव म्हणाले. "ते वाक्य पाहिजे."

"कोन्तं वाक्य?" जिजाबाईंनी विचारले.

देवराव सांगणार एवढ्यात लहानूच बोलला. "यायनं मले माईकवरून चोर म्हटलं. बैल हिनं मले करून देल्ला म्हणून."

जिजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "अहो, मागच्या वर्षी तुमचं भाषण पाटील मास्तरांनं लिहून देल्लं होतं, तेव्हा तुम्ही कान धरले होते का?"

पोरे फिस्सकन हसली. चंपतराव चरफडत परत फिरले. त्यांनी खाली वाकून, लहानूच्या कानापाशी, कसेबसे म्हटले, "तू चोर नाहीस. जा आता."

"सर," देवराव म्हणाले, "सकाळी चोर म्हटलं ते माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

त्यांनी पंचफुलाच्या हातातल्या पाटाची कड धरली. ते दारातून हलले नाहीत.

चंपतरावांनी गल्लीकडे पाहिले. समोरच्या ओट्यावर लोक उठून उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला आणि समोरच्या घरापर्यंत जाईल असे ओरडून म्हटले, "लहानूनं चोरी केली नाही! बैल त्याचाच आहे!" आणि आत जाऊन ट्रान्झिस्टर मोठा केला.

जिजाबाईंनी बैलाला ओवाळले. देवरावांनी नमस्कार केला नाही, आभारही मानले नाहीत. सात वर्षांच्या पोराला चोर ठरवायला सकाळी एक क्षण पुरला होता, आणि ते पुसायला एवढी दारे! त्यांचा राग तसूभरही उतरला नव्हता.

लहानूने पंचफुलाच्या हातातून पाट घेतला.

"दे मले. तुहे हात दुखले असन."

"तुहेच दुखतीन आता," ती म्हणाली.

"गुरुजी," लहानू म्हणाला, "मागची गल्ली राहिली. तिथल्याइनंबी माईक ऐकला."

"चला," देवराव म्हणाले आणि पुढे झाले.